गाठीतली वीत

फुटबॉलच्या मैदानावर सगळे त्यांना फक्कीवाले म्हणत. पगाराच्या चिठ्ठीवर वेगळं नाव होतं, पण ते महिन्यातून एकदाच वाचलं जाई, आणि वाचणारेही तेच. एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. हिरव्या गवतावर पांढऱ्या फक्कीच्या रेषा मारायच्या. सामना संपेपर्यंत निम्म्या रेषा बुटांखाली जात, उरलेल्या पाण्याच्या फवाऱ्यानं फिकट होत. पुढच्या आठवड्यात त्याच जागी पुन्हा त्याच रेषा. एकदा कुणीतरी कागदावर मांडून त्यांना सांगितलं होतं, की ही सगळी रेषा सरळ ओढली असती तर तुम्ही समुद्राच्या पलीकडे पोचला असता.

"पोचलो असतो," फक्कीवाले म्हणाले होते, "पण मला दर वेळी मध्यरेषेवर परत यावं लागतं ना."

त्यांनी काम करायच्या दिवशी सामना कधी बसून पाहिला नव्हता. सामना चालू असताना ते कोपऱ्यातल्या पत्र्याच्या खोलीजवळ उभे असत, एका हाताशी फक्कीची गाडी, दुसऱ्या हाताशी बादली. त्यामुळे प्ले-ऑफचा तो शनिवार त्यांच्या आयुष्यातला पहिलाच, ज्या दिवशी त्यांच्या मैदानावर सामना होता आणि ते घरी खुर्चीत होते. उजव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन पंधरा दिवस झाले होते. पाय समोरच्या स्टुलावर, त्याखाली उशी, आणि गुडघ्यावर फ्रीजमधली मटारची पिशवी. डॉक्टरांनी बर्फ सांगितला होता, पण बर्फाची पिशवी गळायची. मटार गळत नव्हते.

"हे मटार आता कुणी खाणार नाही, सांगून ठेवते," बायको म्हणाली. ती पाच दिवस दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीशी बसे. सुट्टीच्या दोन दिवसांत आठवड्याचे कपडे इस्त्री करी. टीव्हीच्या बाजूलाच तिनं टेबल मांडलं होतं.

"मी खाईन," फक्कीवाले म्हणाले. "माझ्याच गुडघ्याचे आहेत."

समोरच्या दारातले टेलर मास्तर पावणेतीनला स्वतःचा कप घेऊन आले. त्यांच्या घरचा टीव्ही सुनेच्या ताब्यात असल्यामुळे ते सुट्टीच्या दुपारी इकडेच असत. कप स्वतःचा आणत, कारण दुसऱ्याच्या कपाचा कान त्यांच्या बोटाला बसत नसे. पंचेचाळीस वर्षं कात्री चालवून त्यांचं मधलं बोट एका बाजूला झुकलं होतं.

"कोण खेळतंय?" त्यांनी विचारलं.

"निळे आणि पिवळे. उद्या दुसरे दोघे. जिंकणारे पुढच्या आठवड्यात भिडतील."

"आणि आपला माणूस?"

आपला माणूस म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. वय बावन्न. बिस्किटांच्या कारखान्यात तो अठ्ठावीस वर्षं गोदाम सांभाळत होता. कारखाना बंद पडला तेव्हापासून आठ महिने घरी होता. फक्कीवाल्यांचा गुडघा मोडकळीस आला नसता तर त्याला मैदानावर पाऊल ठेवायचं कारण नव्हतं. पण सचिवसाहेबांनी सांगितलं होतं, की हे दोन दिवस मेहुण्याकडून काम करून घ्या, दोन्ही सामने सुरळीत पार पडले की त्याला तुमच्या हाताखाली कायम करू. बायकोनं हे वाक्य इतक्या वेळा म्हटलं होतं की ते इस्त्रीच्या वाफेबरोबर खोलीत फिरत होतं.

शस्त्रक्रियेच्या आधी फक्कीवाल्यांनी मेहुण्याला एक दिवस मैदानावर नेलं होतं आणि सगळं काम समोर करून दाखवलं होतं. त्यानंतर दोन संध्याकाळी इथंच बसून सांगितलं. मेहुण्यानं वहीत क्रमांक घालून लिहून घेतलं. फक्की किती चाळायची, गाडीचं चाक कुठं अडतं, वारा असला तर कुठल्या बाजूनं सुरुवात करायची. चौतीस क्रमांक झाले. गोदामातल्या माणसाचं अक्षर, एकही खाडाखोड नाही. "जे वहीत नाही ते गोदामात नाही," असं तो म्हणे. फक्कीवाल्यांना वही पाहून बरं वाटलं होतं आणि थोडं वाईटही. एकतीस वर्षं चौतीस ओळींत बसली होती.

तीन वाजता सामना सुरू झाला.

फक्कीवाल्यांनी चेंडूकडे पाहिलं नाही. ते रेषा पाहत होते. कॅमेरा वरून होता, असं मैदान त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्या रेषा जमिनीवरच्या होत्या, बुटांच्या उंचीवरून पाहिलेल्या. वरून सगळं एखाद्या पाकिटासारखं दिसत होतं, ज्याच्या आत काय आहे ते बाहेरून कळत नाही.

"सरळ आहेत की," मास्तर म्हणाले.

"त्याला काय झालं सरळ असायला? जुन्या रेषांच्या खुणा गवतात असतातच. त्यांच्यावरूनच गाडी न्यायची."

"मग एवढं शिकवलंत काय दोन दिवस?"

"खुणा कधी पुसल्या गेल्या तर."

"कौतुक करायला पैसे पडत नाहीत," बायको म्हणाली. इस्त्री जोरात टेकली गेली.

पूर्वार्धात काही झालं नाही. निळ्यांचा गोलकीपर तरुण होता, उंच, पण हातमोजे सारखे घट्ट करत होता. मास्तरांना डुलकी लागली. मध्यंतरात बायकोनं मटार बदलले. उत्तरार्धात, सामना संपायला वीस मिनिटं असताना, निळ्यांच्या एकानं मोठ्या चौकटीत पिवळ्यांच्या एकाला पाडलं. पंचांनी शिट्टी मारली आणि हात खाली, पेनल्टीच्या ठिपक्याकडे केला.

कॅमेरा जवळ गेला. पिवळ्या मोज्यांचे पाय, चेंडू, चेंडूखालचा पांढरा ठिपका. आणि ठिपक्याच्या सर्व बाजूंनी लाल माती.

फक्कीवाले खुर्चीत पुढे झाले. गुडघ्यावरची पिशवी खाली पडली.

"अहो, पाय!"

तीन आठवड्यांपूर्वी, साखळी सामने संपून मैदान बंद झालं तेव्हा, दोन्ही गोलांसमोर झिजलेली जागा त्यांनीच नव्या लाल मातीनं भरून घेतली होती, त्यात ठिपक्यांच्या जुन्या खुणा बुजल्या होत्या. माती कुठवर टाकायची हे त्यांनी स्वतः मोजून दिलं होतं. गोलरेषेपासून अकरा मीटर, बरोबर ठिपक्याच्या मध्यापर्यंत, म्हणजे ठिपका अर्धा मातीवर आणि अर्धा गवतावर पडायला हवा होता. आता तो अख्खा मातीत होता आणि त्याच्यापुढे मूठभर माती उघडी दिसत होती. ठिपका गोलाच्या जवळ आला होता. वीतभर.

पिवळ्यांच्या खेळाडूनं चेंडू मारला. गोलकीपरनं बाजू बरोबर ओळखली, उजवीकडे झेप घेतली, हात लांब केला. चेंडू बोटांना लागला, खांबाला लागला आणि आत गेला.

"गेला!" मास्तर जागे झाले. "हात लागला होता हो त्याचा!"

दृश्य तीनदा दाखवलं. हळू, आणखी हळू. हातमोज्याची दोन बोटं चेंडूला लागून मागे वळत होती. तिसऱ्यांदा फक्कीवाल्यांनी बोटांकडे पाहिलं नाही, ठिपक्याकडे पाहिलं.

एक-शून्य. निकाल तोच राहिला. सामना संपल्यावर कुणीतरी गोलकीपरच्या तोंडासमोर माइक धरला. तो म्हणाला, "अंदाज बरोबर होता. हात कमी पडला. चूक माझी." मग तो कॅमेऱ्याच्या बाहेर गेला.

*

मेहुणा साडेसहाला आला. चपला दाराशी काढल्या तेव्हा त्यांतून फक्की सांडली. भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. हातात पिशवी, पिशवीत वही.

"ताई, चहा! भाऊजी, कसं दिसलं टीव्हीवर? सचिवसाहेब स्वतः येऊन गेले. म्हणाले, रेषा अगदी फक्कीवाल्यांसारख्या. मी म्हटलं, साहेब, वही फक्कीवाल्यांचीच आहे."

"बस," बायको म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर आठ महिन्यांत नव्हतं ते हसू होतं. "भुवया पूस आधी. आरशात बघ, म्हाताऱ्यासारखा दिसतोस."

"म्हातारा नाही, अनुभवी," मेहुणा म्हणाला आणि भुवया न पुसताच बसला.

फक्कीवाल्यांनी त्याला चहा पिऊ दिला. मग विचारलं, "ठिपका कसा मारलास?"

"वहीप्रमाणे." त्यानं वही काढली, बोट ठेवलं. "क्रमांक चौदा. गोलाच्या मधोमध गोलरेषेवर खुंटी. दोरी ताणायची. लाल दोऱ्याच्या खुणेशी तळ कापलेल्या डब्याची गोल कडी ठेवायची. कडीत फक्की. दोन्ही बाजूंना तसंच केलं. का?"

"खुणेशी, की खुणेच्या पुढे?"

"खुणेशी. असंच लिहिलंय." त्यानं वही वळवून दाखवली. खरंच तसंच लिहिलं होतं.

"आणि त्या दिवशी मी करून दाखवलं, तेव्हा मी काय केलं होतं?"

मेहुण्यानं डोळे मिटून आठवलं. "तुम्ही खाली बसलात. जमिनीला हात लावलात. मग कडी ठेवलीत." तो थांबला. "ते मी केलं हो भाऊजी. लिहिलं नव्हतं तरी केलं. खाली बसलो, मैदानाला हात लावला, मनात म्हटलं सांभाळून घे, आणि मग कडी ठेवली."

"हात कसा लावला होता मी?"

"असा." त्यानं तळहात टेबलावर टेकवला.

"नीट आठव."

मेहुण्यानं हात उचलला आणि पुन्हा ठेवला. या वेळी बोटं ताणून. अंगठा एका टोकाला, करंगळी दुसऱ्या टोकाला.

खोलीत इस्त्रीचा दिवा टिक् करून बंद झाला.

"मला वाटलं तुम्ही पाया पडताय," मेहुणा हळू म्हणाला. "खेळाडू आत येताना गवताला हात लावतात तसं."

"मोजत होतो."

दोन वर्षांपूर्वी ती दोरी गवत कापायच्या यंत्रात सापडून तुटली होती. फक्कीवाल्यांनी दोन्ही टोकं तिथंच बांधली, कारण त्या दुपारी सामना होता. गाठीत वीतभर दोरी गेली. नवी दोरी आणायची असं त्यांनी त्या दिवशी ठरवलं आणि मग रोज ठरवत राहिले. तोपर्यंत हात शिकला. खुणेशी पोचलं की खाली बसायचं, अंगठा खुणेवर, करंगळी पुढे, आणि करंगळीशी कडी. काही महिन्यांनी ते मोजणं आहे हेही ते विसरले. हाताला जे येत होतं ते तोंडापर्यंत आलंच नाही. चौतीस क्रमांक सांगताना हा पस्तिसावा त्यांना सुचला नव्हता, कारण तो त्यांना माहीत आहे हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्यांनी हे सांगितलं. फार कमी शब्दांत सांगितलं.

"म्हणजे दोन्ही ठिपके चुकले," मेहुणा म्हणाला. भुवयांवरची फक्की आता खरंच म्हातारपणासारखी दिसत होती.

"वीतभर," बायको म्हणाली. "वीतभर हो! कुणाला दिसलं?"

"मला."

"तुम्हाला काय, तुम्हाला भिंतीवरचं कॅलेंडर वाकडं दिसतं. पंचांना दिसलं नाही, साहेबांना दिसलं नाही. उद्या सकाळी हा जाईल, ठिपके बरोबर जागी मारील. जुन्यावर माती पसरील. संपलं."

"तसं करता येईल," मेहुणा म्हणाला. तो बहिणीकडे बघत होता, फक्कीवाल्यांकडे नाही.

फक्कीवाल्यांनाही वाटलं, तसं करता येईल. त्यात अवघड काहीच नव्हतं. सकाळी सहाला मैदान रिकामं असतं. ओल्या मातीची दोन घमेली आणि एक कडी. सोमवारी सचिवसाहेब कागदावर सही करतील, आणि आठ महिने या घराच्या अंगावर बसलेलं ओझं उठून जाईल. आणि त्यांच्या एकतीस वर्षांवरही एवढासा डाग नाही. त्यांना हे सगळं दिसत होतं, आणि त्याच्या पलीकडे, टीव्हीच्या बंद काचेत, मागे वळणारी दोन बोटं.

मास्तर अजून गेले नव्हते. रिकामा कप हातात धरून ते ऐकत होते.

"मी एक पँट शिवली होती," ते म्हणाले.

"मास्तर, आता नको," बायको म्हणाली.

"छोटी आहे गोष्ट. गिऱ्हाईक जुनं, सरकारी कचेरीतलं. दरवर्षी एक पँट. त्या वर्षी मी कंबरेला माया कमी सोडली. कापड कमी पडत होतं म्हणून नाही, घाईत. दीड इंच आवळ झाली. तो घालून बघायला आला, आरशात बघितलं आणि मला म्हणाला, मास्तर, वजन वाढलंय माझं. मी काय बोलणार? तोंड उघडलं असतं तर कापड भरून द्यावं लागलं असतं. म्हटलं, होतं असं वयानुसार." मास्तरांनी कप खाली ठेवला. "पुढच्या वर्षी आला तेव्हा अर्धा झाला होता. संध्याकाळचं जेवण सोडलं होतं त्यानं. माझी पँट त्याला ढगळ होत होती. खूश होता. मला पेढे देऊन गेला."

"मग बरंच झालं की," मेहुणा म्हणाला.

"बरं झालं की नाही ते मला कळलं नाही. तीन वर्षांनी तो गेला. कशानं गेला ते कुणाला विचारायची माझी हिंमत झाली नाही. पण त्याच्या कंबरेचा आकडा मला अजून पाठ आहे. बाकी कुणाचा नाही."

मास्तर उठले, कप घेतला आणि "येतो" म्हणाले. दाराशी वळून त्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. "भुवया पूस रे," ते म्हणाले आणि गेले.

फक्कीवाल्यांनी फोन मागितला.

"कुणाला करताय?" बायकोनं विचारलं.

"पंचांना."

"अहो, त्याची नोकरी—"

"माहीत आहे."

"आठ महिने मी त्याच्या घरी जाते तेव्हा चप्पल काढून आत जायला जीव होत नाही. त्याची बायको चहा करते आणि साखर मोजून घालते. तुम्हाला माहीत आहे ना?"

"ताई," मेहुणा म्हणाला. "दे त्यांना फोन."

तिनं दिला नाही. टेबलावर ठेवला. फक्कीवाल्यांना हात लांब करून तो घ्यावा लागला.

पंच आणि ते एकमेकांना अठरा वर्षं ओळखत होते. सामन्याआधी पंचांनी मैदान तपासावं असा नियम आहे. हे पंच मैदानात येत, फक्कीवाल्यांकडे बघून मान हलवत आणि पाणी प्यायला जात.

"ठिपका चुकला होता आज," फक्कीवाले म्हणाले. "वीतभर आत. दोन्हीकडे."

मग पंच म्हणाले, "तुम्ही तर घरी होतात."

"टीव्हीवर दिसलं."

"टीव्हीवर वीतभर कसं दिसणार हो?"

"मातीवरून दिसलं. माती मी टाकली आहे."

पंचांनी श्वास सोडला. "मी मोजायला हवं होतं."

"तुम्ही कधीच मोजत नाही."

"तुम्ही असलात की मोजत नाही," पंच म्हणाले. "आज तुम्ही नव्हतात. तरी मोजलं नाही." मग त्यांचा आवाज कामाचा झाला. "हे बघा, निकाल बदलणार नाही. शिट्टी झाली की झाली. पण मला अहवालात लिहावं लागेल. कुणाचं नाव लिहू?"

फक्कीवाल्यांनी मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा वही बंद करून दोन्ही हातांत धरून बसला होता.

"माझं लिहा. दोरी माझी आहे, गाठ माझी आहे. मी सांगितलं तसंच त्यानं केलं."

"बरं. उद्या मी फीत घेऊन येतो. ती दोरी मैदानात नको."

"ठीक." आणि मग, पंच फोन ठेवणार तेवढ्यात, "त्या गोलकीपरचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

गोलकीपरनं चौथ्या रिंगला उचललं. मागे कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता. फक्कीवाल्यांनी आपण कोण ते सांगितलं, आणि ठिपक्याचं सांगितलं.

"किती?" त्यानं विचारलं.

"वीतभर."

"माझी की तुमची?"

फक्कीवाल्यांना वाटलं तो चेष्टा करतोय. तो करत नव्हता. "माझी," ते म्हणाले. "साधारण नऊ इंच."

"घरी आल्यापासून मी दाराच्या चौकटीला हात लावून बघतोय," गोलकीपर म्हणाला. "वरच्या पट्टीपर्यंत पोचायचा, तो अजून पोचतोय. मग कमी कसा पडला ते कळत नव्हतं." भांड्यांचा आवाज थांबला. "म्हणजे अडला असता?"

"ते नाही सांगता येत."

"नाही," तो म्हणाला. "ते नाही सांगता येत." मग म्हणाला, "सामना तर गेला ना पण."

"हो."

"ठेवतो."

त्यानं ठेवला. फक्कीवाल्यांनी फोन परत टेबलावर ठेवला. बायकोनं इस्त्री पुन्हा लावली होती आणि एकाच बाहीवरून ती तीन-तीनदा फिरवत होती.

मेहुण्यानं वही उघडली. "हात ठेवा," तो म्हणाला.

"आता कशाला? उद्या फीत येणार आहे."

"वहीत नाही ते गोदामात नाही. ठेवा."

फक्कीवाल्यांनी कोऱ्या पानावर हात ताणून ठेवला. मेहुण्यानं पेन्सिलीनं अंगठ्याच्या टोकाशी एक रेघ आणि करंगळीच्या टोकाशी एक रेघ ओढली, आणि मधे लिहिलं: क्रमांक पस्तीस. मग त्यानं स्वतःचा हात त्यावर ठेवून बघितला. त्याची करंगळी रेघेच्या बरीच पुढे जात होती.

"बघा," तो म्हणाला. "लिहून घेतलं असतं तरी चुकलोच असतो. उलट्या बाजूला."

बायकोला हसू आलं. तिनं ते दाबलं, पण इस्त्री थांबली.

*

रविवारी सकाळी अकराला सचिवसाहेबांचा फोन आला. ते रागावले नव्हते, ते थकल्यासारखे बोलत होते. अहवाल समितीपुढे जाईल. यापुढे दर सामन्याला फीत. फक्कीवाले बरे होऊन परत येऊ शकतात, पण मैदान आखून झाल्यावर पंचांची सही घ्यायची, दर वेळी. मेहुण्याचा विषय आता पुढच्या मोसमात बघू. आज मात्र त्यालाच पाठवा, ऐन वेळी दुसरा कुठून आणणार. "तुम्ही बोलला नसतात तर बरं झालं असतं, असं मी म्हणणार नाही," सचिवसाहेब म्हणाले, म्हणजे ते म्हणत होतेच.

बायकोनं सगळं ऐकलं. "पुढचा मोसम म्हणजे कधी?"

"चार महिने."

"चार," ती म्हणाली, आणि मटारची पिशवी आणायला गेली. ती गुडघ्यावर ठेवताना तिचा हात नेहमीपेक्षा जरा कडक होता, पण पिशवी नीट, बरोबर वाटीवर बसली.

पावणेतीनला मास्तर आले. कप ठेवला. टीव्हीसमोर बसले.

चॅनेलवाल्यांनी सामन्याआधीचं मैदान दाखवायला सुरुवात केली होती. खेळाडू अजून आत आले नव्हते. वरून दिसणारं हिरवं पाकीट, आणि त्याच्या एका टोकाला दोन माणसं. कॅमेरा जवळ गेला तेव्हा ओळखू आलं. काळ्या कपड्यांतले पंच गोलरेषेवर उभे होते, हातात फितीची गोल डबी. फितीचं टोक धरून मेहुणा ठिपक्याकडे चालत होता. अठरा वर्षांत त्या पंचांना त्या मैदानावर कुणी काही मोजताना पाहिलं नव्हतं.

"हे काय करतायत?" टीव्हीवरचा बोलणारा दुसऱ्याला विचारत होता. "नेहमीची तपासणी असावी," दुसरा म्हणाला.

फक्कीवाल्यांनी खुर्चीचे हात धरले. तपासणी त्यांचीच होती. मेहुणा ठिपक्यापाशी थांबला, फीत टेकवली. अर्धा ठिपका लाल मातीवर, अर्धा गवतावर. पंच वाकले, आकडा बघितला, ताठ झाले. मान हलवली नाही. खिशातून कागद काढून काहीतरी लिहिलं, आणि दोघं पलीकडच्या गोलाकडे चालत गेले. एवढं मोठं मैदान, आणि चालणारी दोन माणसं. तिथंही फीत, वाकणं, आकडा, कागद. मग पंचांनी कागद पुढे केला आणि मेहुण्यानं त्यावर सही केली. गोदामातल्या माणसासारखी, आधी वाचून.

"बरोबर आलं का?" बायकोनं विचारलं. इस्त्री आज लावलेलीच नव्हती.

"आलं असणार. नाहीतर पुसायला लावलं असतं."

"असणार म्हणजे?"

"आलं."

पंच फीत गुंडाळत निघून गेले. मेहुणा ठिपक्यापाशी एकटाच राहिला. त्यानं इकडे तिकडे पाहिलं, कुणी बघत नाही असं समजून खाली बसला, आणि मातीवर हात ठेवला.

"अहो, आता काय मोजतोय तो?"

फक्कीवाले पुढे झाले. हात नीट दिसत नव्हता. बोटं ताणलेली होती की नुसता तळवा होता, ते एवढ्या वरून कळत नव्हतं.

तेवढ्यात जाहिरात लागली.